शुक्रवारी रात्री दहा पानं: शब्बाथच्या जेवणाला थीम काय ठेवू?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ठाण्यात आमची चौथी पिढी. कॉलेजातले आणि ऑफिसातले मिळून नऊ जण दोन वर्षं माझ्या मागे लागलेत की तुमच्याकडचं शुक्रवारचं, म्हणजे शब्बाथचं (आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं), जेवण एकदा घाल. शेवटी तारीख दिली: ३० जानेवारी. नुसतं जेवण नको, काहीतरी थीम असू दे, असा हट्ट आमच्या ग्रुपचा. (याआधी एकीकडे 'ऐंशीचं दशक' झालं, एकीकडे 'मालवणी जत्रा'.)

मी ठरवलंय 'इस्राएलमधली एक संध्याकाळ'. हमुस, पिटा, फलाफल, शकशुका (टोमॅटोच्या रश्शातली अंडी), बाहेरून मागवलेली हल्ला (वेणीसारखा विणलेला पाव), टेबलावर निळं-पांढरं कापड, भिंतीवर जेरुसलेमचे फोटो. आईने यादी वाचली आणि "छान आहे" म्हणाली. आमच्या घरात नुसत्या "छान आहे"चा अर्थ काय, ते सांगायला नको.

पाहुण्यांत तिघं शाकाहारी, त्यातली एक जैन, एकाला दूध चालत नाही. सगळे नोकरीवाले, त्यामुळे आठच्या आत कुणी उगवणार नाही. मेनू, सजावट, खेळ, काहीही सुचवा.

खाऊगल्ली

वा वा, मस्त विषय! शकशुका ऐन वेळी करावा लागतो, अंडी गार झाली की रबर होतं. दहा जणांना पुरेल असा करायचा तर दोन पसरट कढया लागतील. हमुसला छोले रात्री भिजवताना चिमूटभर सोडा घालायला विसरू नका.

शेवग्याची शेंग

ऐन वेळी शकशुका? अहो, सूर्यास्तानंतर त्या गॅस पेटवणार नाहीत ना! शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत. माझ्या लहानपणी शेजारी तुमच्याच समाजातलं कुटुंब होतं. शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडून असा काही नारळाच्या दुधाचा वास यायचा की आम्ही भावंडं अभ्यासावरून उठायचो.

ठाणेकरीण

@खाऊगल्ली, @शेवग्याची शेंग: बरोबर. घरात आम्ही फार कडक नाही, पण शुक्रवारी रात्री आईच्या स्वयंपाकघरात जाळ नाही, हे आजीपासून चालत आलंय. आधी शिजवायचं, गॅस बारीक ठेवून त्यावर पत्रा टाकायचा आणि पातेली वर ठेवायची. शकशुका बाद.

निवांत नाना

एक शंका, राग मानू नका. शब्बाथ हा धार्मिक विधी ना? मग त्याची थीम पार्टी कशी? उद्या कुणी सत्यनारायणाची थीम पार्टी काढली तर आपल्याला चालेल का?

ठाणेकरीण

नाना, प्रश्न रास्त आहे. आईनेही वेगळ्या शब्दांत हेच विचारलं. दिवा, किद्दुश (द्राक्षरसावरचा आशीर्वाद), हात धुणं, भाकरीवरचा आशीर्वाद, हे जसंच्या तसं होणार. त्याला कुणी हात लावत नाही. थीम ताटात आणि गप्पांत. आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला तुम्ही शेजाऱ्यांना बोलावताच की!

निवांत नाना

मान्य. पण प्रसादात आम्ही फलाफल ठेवत नाही. :)

लोदचा पनवेलकर

सौ. की कु. ठाऊक नाही, म्हणून नुसतंच ठाणेकरीण म्हणतो. शालोम.

मी मूळचा पनवेलचा. १९७१ साली इथे इस्राएलात आलो, लोद गावी राहतो. वय झालं, टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

तुमचा बेत वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. हमुस-फलाफल इथे आमची नातवंडं शाळेबाहेर उभ्याउभ्या खातात. त्यात शब्बाथचं काही नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की तुमच्या आजीच्या पानात शुक्रवारी काय असे? माझ्या आईच्या पानात काय असे ते सांगतो. हिरव्या वाटणाचं माशाचं कालवण नारळाच्या दुधात, भात, सोलकढी, गव्हाच्या दोन अखंड पोळ्या पांढऱ्या फडक्याखाली, आणि काळ्या मनुकांचं सरबत. हल्ला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती इथे विमानातून उतरल्यावर. ती वेणी युरोपातल्या ज्यूंची. चांगली लागते. पण ती आमची नव्हे.

खाऊगल्ली

काका, दंडवत. पण हल्लाशिवाय शब्बाथ 'खरा' धरतात का? मी जिथे जिथे वाचलंय तिथे दोन हल्ला लागतातच असं लिहिलंय.

लोदचा पनवेलकर

बाळ, खरं-खोटं हा शब्द आमच्यापुढे जरा जपून वापरावा. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कचेरीने फर्मान काढलं होतं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीपर्यंत मागे जाऊन चौकशी करा. का, तर आम्ही खरे ज्यू की नाही याचा संशय. आमच्या लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, तेव्हा १९६४ साली ते मागे घेतलं. मी आलो तेव्हा ते मिटलं होतं, पण आधी आलेल्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की आपणच तिथे बसलो होतो असं वाटतं.

आता पाव. लागतात त्या दोन अखंड भाकरी. कोणत्या आकाराच्या, ते कुठे सांगितलेलं नाही. रानात इस्राएल लोकांना रोज मान्ना, म्हणजे आकाशातून पडलेलं अन्न, मिळे आणि शुक्रवारी दुप्पट, म्हणजे शनिवारी वेचायला जावं लागू नये, याची ती आठवण. आमच्या धर्मग्रंथातल्या, तोरातल्या, निर्गमाचा १६वा अध्याय पाहा. आणि गंमत म्हणजे तुमच्या ३० तारखेच्या शब्बाथला सिनेगॉगात (आमच्या प्रार्थनास्थळात) वाचायचा पाठ नेमका तोच आहे, 'बेशलाख'. समुद्र दुभंगण्याची कथाही त्यातच.

ठाणेकरीण

काका, मी कुमारीच, आणि तुमच्या नातीच्या वयाची असेन. अहोजाहो नको.

आजीच्या पानाचा प्रश्न वाचून मी रात्री आईला विचारलं. ती तासभर बोलत होती. निळं-पांढरं कापड परत कपाटात गेलं. थीम बदलतेय: 'अष्टागरातला शब्बाथ'. अलिबाग, चौल, रेवदंड्याच्या पट्ट्यात जे पिकतं, मिळतं, तेवढंच पानात. तांदळाची भाकरी केली तर आणखी शोभेल ना?

लोदचा पनवेलकर

तांदळाची भाकरी वाढ, पण आशीर्वाद तिच्यावर म्हणता येणार नाही. 'हामोत्सी' फक्त पाच धान्यांच्या भाकरीवर. त्यात गहू आणि जव आहेत, तांदूळ नाही. म्हणून दोन पोळ्या गव्हाच्याच हव्यात आणि मोडलेल्या नकोत. फडकं विसरू नको. आधी द्राक्षरसाचा मान होतो ना, मग भाकरीला वाईट वाटू नये म्हणून तोवर तिचं तोंड झाकायचं, असं आई सांगे.

शेवग्याची शेंग

पोळीला वाईट वाटू नये म्हणून! किती गोड आहे हे.

वालपापडी

अष्टागर वाचलं आणि राहवेना. मी अलिबागची, आमचं घर इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे जुनी माणसं अजून 'शनवार तेली' म्हणतात. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. आजी सांगायची, शनिवारी तेल संपलं तर रविवारपर्यंत फोडणी नाही.

नवगावला समुद्राजवळ त्यांचं स्मारक आहे, तिथे जाऊन या. जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले, बुडालेल्यांना गावाने तिथे मूठमाती दिली, अशी कथा. आळीतलं सिनेगॉग, 'मागेन आबोथ', १८४८ सालचं, पुढे १९१० मध्ये नव्याने बांधलं.

आता कामाचं. जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगा. पोपटी लावा! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, ओवा, मीठ. आणखी काय पाहिजे?

खाऊगल्ली

पोपटीला मडक्याभोवती जाळ लागतो आणि ती गरमच खायची. सूर्यास्ताआधी विझवायची म्हणजे चार वाजता सोसायटीच्या गच्चीवर पाचट पेटवायचं. सेक्रेटरी पोलिसांना बोलावेल.

वालपापडी

हो की. मग बिरडं करा. कडवे वाल बुधवारी भिजत घाला, गुरुवारी मोड, शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून सोलायचे. दहा जणांना तीन पाव वाल पुरेत. सोलायला मात्र माणसं लागतील. कांदा-लसूण न घालताही उत्तम होतं: हिंग, जिरं, कोकम, गूळ, ओलं खोबरं.

लोदचा पनवेलकर

बिरडं? आमच्याकडे 'बिरड्याचा सण' म्हणजे सुतकाचे दिवस. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याची आठवण, आमच्या पंचांगातला आव महिना, मटण-मच्छी बंद, म्हणून बिरडं. शब्बाथ तर आनंदाचा.

ठाणेकरीण

काका, मलाही हीच धाकधूक होती. आई म्हणाली, बिरडं वर्षभर खातो, मग शुक्रवारनेच काय घोडं मारलंय? तुमचं घर पनवेलचं, आमचं मूळ चौलचं. असेल फरक.

आपल्या सणांची नावं इथल्या मंडळींना सांगायलाच हवीत. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पुर म्हणजे 'दारफाळणीचा सण', पुरीम म्हणजे 'होळीचा सण' आणि त्या दिवशी चक्क पुरणपोळी. मी सहावी-सातवीत जाईपर्यंत मला हिब्रू नावं माहीत नव्हती.

अक्षरगाडी

पुण्याहून. रास्ता पेठेत 'सुक्कथ शेलोमो' सिनेगॉग आहे, आमच्या जुन्या घराजवळच. आणि कॅम्पातलं 'लाल देऊळ' तर सगळ्यांना माहीत असतं, पण ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ हे निम्म्या पुण्याला माहीत नाही!

थीमसाठी एक खेळ सुचवतो. बेने इस्राएलांची आडनावं गावांवरून आहेत: दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर, थळकर, नवगावकर. प्रत्येक पाहुण्याच्या जागेवर एका आडनावाची चिठ्ठी ठेवा. जेवताना ज्याने त्याने आपलं गाव ओळखायचं आणि त्या गावाबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. येत नसेल तर खुशाल थाप मारायची.

अवांतर: पुण्यात १८७४ साली पेसाहचा (मिसरमधून सुटकेच्या सणाचा) हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातल्या चित्रांमधल्या बायका नऊवारीत आहेत. जमल्यास चित्रं जरूर बघा.

ठाणेकरीण

@अक्षरगाडी: खेळ शंभर टक्के घेतेय! चिठ्ठ्या मात्र आधीच लिहून ठेवीन, कारण शब्बाथला लिहायचंही नाही.

संपादक

या धाग्यावर आलेले आंतरराष्ट्रीय राजकारणावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे जेवू द्या.

मीठभाकर

मी ठार शाकाहारी, म्हणून तुमच्या तिघांची वकिली करतो. एकाच टेबलावर मासे आणि आम्ही, तर निदान पळी तरी वेगळी असावी. आणि दुधाचा नियम जरा समजावून सांगाल का? मांसाबरोबर दूध नाही, म्हणजे शाकाहाऱ्यांनाही ताक नाही?

ठाणेकरीण

पळी, पातेलं, टेबलाचं टोक, तिन्ही वेगळं.

मांस आणि दूध एका जेवणात नाही, म्हणून आमच्या सगळ्या रस्स्यांत दह्याच्या जागी नारळाचं दूध आलं. मासे मांसात मोडत नाहीत, पण पंख आणि खवले दोन्ही असलेलेच चालतात. रावस, सुरमई, बांगडा हो, कोलंबी-खेकडा-तिसऱ्या नाही. कोंबडी करायची तर आमच्या पद्धतीने कापलेली मिळवावी लागते, त्यासाठी आठवडाभर आधी सांगावं लागतं. ती भानगडच नको. रावस आणि बिरडं. ताक चाललंही असतं, पण सोलकढी असताना ताक कोण पितंय? शिवाय दूध न चालणाऱ्याचीही सोय झाली.

गोडाला मी मलिदा म्हणत होते. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि पाच फळं. २ फेब्रुवारीला तू बिश्वात आहे, झाडांचं नवं वर्ष, आणि तेव्हाच अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नावीचा (संदेष्टा एलियाचा) उरूस. त्या आठवड्याला मलिदा शोभेल ना?

लोदचा पनवेलकर

पोरी, शोभेल, पण शुक्रवारी नको. मलिदा एलियाहू हन्नावीच्या नावाने, नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नाहीतर शनिवारी रात्री शब्बाथ उठवल्यावर. शुक्रवारी रात्री आमच्या घरी मलिदा कधी मांडला नाही. थीमच्या नादात सगळंच एका पानात कोंबू नये. शुक्रवारी गोडाला नारळाच्या दुधातली खीर कर.

निवांत नाना

काकांशी शंभर टक्के सहमत. मी म्हणत होतो ते हेच, फक्त मला नीट म्हणता आलं नाही.

शेवग्याची शेंग

पाहुण्यांनी काय आणावं? रिकाम्या हाताने जाणं आपल्याला जमत नाही. आणि किती वाजता पोचायचं?

ठाणेकरीण

त्या दिवशी ठाण्यात साधारण साडेसहाला सूर्यास्त, आणि दिवा त्याच्या १८ मिनिटं आधी लावायचा. म्हणजे सव्वासहाच्या आत. तेव्हा आई आणि मीच असणार. बाकीची मंडळी आठला आली तरी चालेल, किद्दुश तेव्हा करू.

आणायचं म्हणाल तर फुलं, तीही आदल्या दिवशी. फळं चालतील. घरी शिजवलेलं आणि बेकरीचं नको, उगाच आईला आत काय काय आहे ते विचारत बसावं लागतं. आणि फोन बंद नाही केला तरी टेबलावर नको.

खाऊगल्ली

मनुकांच्या सरबताची कृती?

ठाणेकरीण

पाव किलो काळ्या बिनबियांच्या मनुका दोनतीन पाण्यांतून धुवायच्या. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळून गार झाल्यावर हाताने कुस्करायच्या (मिक्सर नको, गढूळ होतं) आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचं. साखर अजिबात नाही. कोकणात द्राक्षाची वाइन कुठून यायची, म्हणून ही युक्ती. मनुका द्राक्षाच्याच, त्यामुळे आशीर्वाद तोच.

वालपापडी

तुमच्यासाठी गुरुवारी माझा भाचा ठाण्याला येतोय. त्याच्याबरोबर कडवे वाल आणि आगळ पाठवू का? निरोपातून पत्ता द्या. पैशाचं बोलाल तर पाठवणार नाही.

ठाणेकरीण

ताई, काय बोलू! निरोप टाकलाय. पण वाल बुधवारी भिजवायचे असतील तर गुरुवारी येऊन कसं चालेल?

वालपापडी

अगं बाई! मंगळवारीच पाठवते. एसटीच्या ड्रायव्हरकडे देते.

अक्षरगाडी

आज एक तारीख. धागाकर्ती कुठे आहेत? वृत्तांत हवाय. फोटोंसकट.

मीठभाकर

फोटोशिवाय वृत्तांत फाऊल धरला जाईल.

ठाणेकरीण

आले, आले. कालची झोप आज काढली.

फोटो नाहीत. शब्बाथला कॅमेरा नाही, तेव्हा नियमाप्रमाणे फाऊल. गुरुवारी वाल बांधून ठेवले होते त्या पुरचुंडीचा एक आहे, तो टाकते वाटल्यास.

आता नीट सांगते. शुक्रवारी सकाळी वाल सोलायला आई, मी, शेजारच्या काकू आणि त्यांच्या सूनबाई. दीड तास. काकूंनी आईला विचारलं, "तुमच्याकडे बिरड्यात नारळाचं दूध घालतात का हो?" आणि मग जी काही चर्चा रंगली, की रावसाला मसाला लावायचा राहिला.

दुपारी काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यावर वात, असा आजीचा टांगायचा दिवा मी तयार केला. पाणी घेतलं फ्रिजमधलं, का ते विचारू नका. खोबरेल थिजून पांढरा थर झाला आणि वात काही धरेना. सहा वाजून पाच मिनिटं. आई शांतपणे आली, पेला रिकामा केला, कोमट पाणी घातलं, नवं तेल ओतलं आणि सहा-बाराला दिवा लागला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मंडळी सव्वाआठला जमली. शालोम अलेखेम (शब्बाथच्या स्वागताचं गाणं) म्हटलं. मग मुलांना आशीर्वाद द्यायचा असतो, मुलगी असेल तर सारा, रिवका, राहेल, लेआसारखी हो, मुलगा असेल तर एफ्राइम-मनश्शेसारखा. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागून आवाज आला, "काकू, आम्ही?" मग नऊच्या नऊ जण रांगेत. आईने प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून सगळं पुन्हा म्हटलं. आमची जैन मैत्रीण त्याआधी वाकून पाया पडली, आणि तिचं बघून पुढचे सगळे.

हात धुतल्यापासून पोळीचा तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही, हे मी आधी सांगून ठेवलं होतं. दहा मराठी माणसं दोन मिनिटं गप्प, हे दृश्य मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्यातला एक जण हसू दाबताना इतका लाल झाला की आईच आधी फुटली. पोळ्यांवर फडकं म्हणून आजीच्या नऊवारीच्या पदराचा तुकडा होता. पोळीला वाईट वाटू नये ही गोष्ट काकांच्या नावाने सांगितली. एकीने पुढे दर घासाला "हिला विचारलंत का?" सुरू केलं.

चिठ्ठ्यांचा खेळ धमाल. झिराड कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे थापांचा महापूर आला. रोहेकरची चिठ्ठी नेमकी ज्याच्या पानावर आली त्याचं आडनावही खरोखरच रोहेकर. तो हिंदू. म्हणाला, "म्हणजे आपण भाऊबंद?" आई म्हणाली, "एका गावचं पाणी प्यायलो, एवढं पुरे."

आणि मग घोटाळा. दिवाणखान्यातले आणि बाथरूमचे दिवे संध्याकाळीच लावून ठेवले होते, ते रात्रभर तसेच राहू द्यायचे असतात. बटणांवर चिकटपट्टी लावायची हे माझ्या यादीत होतं आणि यादी फ्रिजवर होती. साडेनऊला आमचा एक मित्र बाथरूममधून बाहेर आला आणि सवयीने दिवा बंद केला. वर बोलता बोलता पॅसेजचाही. वीज वाचवा हे आपल्या रक्तातच. मी "अरे!" म्हटलं तोवर अंधार. त्याने विचारलं, "चुकलं का? परत लावू?" आता गंमत अशी की मला 'लाव' म्हणता येत नाही. माझ्यासाठी लाव असं सांगणं म्हणजे मीच लावल्यासारखं. 'नको' म्हटलं तर रात्रभर सगळ्यांनी अंधारात चाचपडायचं. मी नुसती उभी. आईसुद्धा छताकडे बघत बसली. शेवटी जैन मैत्रीण उठली, "मला जायचंय, मी माझ्यासाठी लावते," म्हणाली आणि लावून गेली. कुठून सुचलं देव जाणे. म्हणते कशी, "आमच्याकडे चौविहारात याच्यापेक्षा अवघड गणितं असतात."

तिचं जेवण तेवढं हुकलं! सूर्यास्तानंतर जेवत नाही हे ती मला सांगायला विसरली आणि मी विचारायला. घरून जेवून आली होती. शेवटपर्यंत बसली, आणि सोमवारी डब्यात दे म्हणाली. मीठभाकर, तुमच्या वकिलीत हा मुद्दा राहिला.

मीठभाकर

नतमस्तक. पुढच्या वेळी फी कमी घेतो.

लोदचा पनवेलकर

तुझा वृत्तांत बायकोला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला, नऊवारीच्या फडक्यापाशी. आमचं फडकं इथल्या दुकानातलं आहे, मखमलीवर सोनेरी अक्षरं. येत्या शुक्रवारी तिने तिचं जुनं लुगडं काढायचं ठरवलं आहे. नातीने विचारलं, हे काय? मी म्हटलं, हल्लाची साडी. आमच्या घरी हल्लाच असते आता, काय करणार.

रावसाच्या कालवणाचं वाटण लिही. इथे कोथिंबीर भरपूर, रावस नाही. मुशीत चालेल का, असं कुणी विचारू नका, तिला खवले नसल्यासारखेच.

ठाणेकरीण

आजोबाच म्हणते आता. वाटण: दोन मुठी कोथिंबीर देठांसकट, सहा-सात हिरव्या मिरच्या, बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर जिरं. तेलावर हे नीट परता, हिरवा रंग जरा काळवंडला की हळद आणि पातळ नारळाचं दूध, उकळी आली की मासा, शेवटी दाट दूध आणि कोकम. दाट दूध घातल्यावर उकळू द्यायचं नाही. तुमच्याकडे जो खवल्यांचा जाड मासा मिळेल तो घाला.

वालपापडी

वाल कसे होते ते कुणी सांगितलंच नाही.

ठाणेकरीण

ताई!! पातेलं पुसून खाल्लं. शेजारच्या काकूंनी तुमचा नंबर मागितलाय.

खाऊगल्ली

चिकाच्या हलव्याचं ऐकलंय बेने इस्राएलांच्या. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवतात म्हणे. त्याची कृती?

ठाणेकरीण

तो नव्याच्या सणाचा. चार तास ढवळायला चार हात लागतात. सप्टेंबरात वेगळा धागा काढते.